एकर-गुंठा आणि हेक्टर-आर : दोन मापपद्धतींचे अध्यापन

नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिकणारा विद्यार्थी वर्गात मीटर, लीटर आणि किलोग्रॅम ही मापे शिकतो. परंतु शाळा सुटल्यावर त्याच्या कानांवर पडणारी मापे बहुधा निराळीच असतात. वडील द्राक्षबागेच्या ओळींमधील अंतर फुटांत सांगतात, चुलते जमिनीचा हिशेब एकर-गुंठ्यांत करतात, गवंडी वाळू ब्रासने मागवितो, आजी दागिन्यांचे वजन तोळ्यांत सांगते आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत किती क्युसेक पाणी सोडले याची चर्चा पारावर चाललेली असते. त्याच घरातील सातबाराच्या उताऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, आणि कांदा बाजारात क्विंटलच्या भावाने विकला जातो.

अशा स्थितीत शाळेतील गणित व घरातील व्यवहार यांची सांगड विद्यार्थ्याच्या मनात आपोआप बसत नाही, ती शिक्षकालाच बसवून द्यावी लागते. जुनी मापे चुकीची व नवी बरोबर, एवढेच सांगून हे कार्य साधत नाही. कोणत्याही संख्येपुढे कोणते एकक आहे आणि त्या एककाचे पोटभाग किती आहेत, हे दोन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे, हे या पाठाचे मुख्य उद्दिष्ट होय.

१. पूर्वपीठिका

दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडे मापांची एकवाक्यता नव्हती. धान्य वजनापेक्षा मापाने मोजण्याची रीत होती. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक जुन्या पिढीला मुखोद्गत असे. वजनाच्या बाबतीत घोटाळा अधिक होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा; तर बंगाली मण ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा. दोन्ही मणांचे शेर चाळीसच. त्यामुळे एका ठिकाणचा शेर सुमारे ३१७ ग्रॅम, तर दुसऱ्या ठिकाणचा सुमारे ९३३ ग्रॅम भरे. शब्द एकच, वस्तू मात्र जवळजवळ तिप्पट. ज्याला हा फरक ठाऊक नसे, त्या शेतकऱ्याची फसवणूक करणे कठीण नव्हते. वजनमापांची सुधारणा ही मुळात दुर्बळाच्या संरक्षणाची गोष्ट आहे, हे विद्यार्थ्यांस येथेच सांगावे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दशमान मापांचा जन्म झाला. १८७५ साली पॅरिस येथे अनेक राष्ट्रांनी मीटरविषयक करार केला. स्वतंत्र भारताने प्रथम नाणी बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले. नव्या पैशांत किंमत दाखविणारी टपाल तिकिटे आपल्याच जिल्ह्यातील नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली गेली, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. पुढे १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळून पडले.

वजनमापांचा कायदा १९५६ साली संमत झाला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर बंधनकारक झाली. सध्याचा वैध मापन कायदा २००९ सालचा असून तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. कायद्याने व्यापारातील जुनी वजने हटविली, तरी लोकांच्या बोलण्यातील व कारागिरांच्या हातातील मापे पुसली गेली नाहीत. म्हणूनच हा पाठ आजही आवश्यक ठरतो.

२. जुन्या मापांची गणिती रचना

जुनी मापे अडाणीपणाची होती असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजू देऊ नये. त्यांच्या रचनेत व्यवहाराची सोय होती. वस्तूचे निम्मे करणे आणि निम्म्याचे निम्मे करणे हे हाताने व डोळ्याने सहज साधते. म्हणून रुपयाचे सोळा आणे, गुंठ्याचे सोळा आणे, इंचाचे आठ सूत असे भाग पाडण्यात आले. पंतोजींच्या शाळेत घोकून घेतल्या जाणाऱ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी या त्याच व्यवहाराच्या किल्ल्या होत्या.

परंतु या रचनेत एक दोष होता. प्रत्येक कोष्टकाचा पाया वेगळा. फुटाचे इंच बारा, वाराचे फूट तीन, एकराचे गुंठे चाळीस, तोळ्याचे मासे बारा आणि माशाच्या गुंजा आठ. प्रत्येक हिशेबात हातचा निराळ्या संख्येने घ्यावा लागे. दशमान पद्धतीत सर्वत्र एकच पाया आहे, तो दहाचा. आणि तोच आपल्या संख्यालेखनाचाही पाया आहे. नव्या पद्धतीचे खरे सामर्थ्य एवढ्या एका गोष्टीत आहे.

विद्यार्थ्यांच्या चुकांचे मूळही येथेच सापडते. ‘१ एकर २० गुंठे’ हे क्षेत्र अनेक घरांत ‘१-२०’ असे लिहितात. विद्यार्थी ते १.२० एकर असे वाचतो. वस्तुतः वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, म्हणून ते क्षेत्र १.५० एकर आहे. या एका चुकीने बारा गुंठे जमीन हिशेबातून नाहीशी होते. उलट ‘१ हेक्टर २० आर’ हे क्षेत्र मात्र १.२० हेक्टर असेच लिहिले जाते, कारण हेक्टरचे आर शंभर आहेत. दिसावयास दोन्ही लेखने सारखीच, अर्थ मात्र भिन्न. हे उदाहरण फळ्यावर शेजारी शेजारी मांडावे आणि फरक कोठे आहे तो विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा.

दशमान पद्धतीतही बेसावधपणास जागा आहे. ३ किलो ५० ग्रॅम म्हणजे ३.५० किलो नव्हे, तर ३.०५० किलो. किलोग्रॅमचे ग्रॅम हजार आहेत, म्हणून दशांश चिन्हापुढे तीन घरे लागतात. ‘एककाचे पोटभाग किती?’ हा प्रश्न येथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

३. जमिनीचे क्षेत्रमापन

जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे माप जमिनीचे होय. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस, अर्थात १,०८९ चौरस फूट. एक आर म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर रुंद असा चौरस, अर्थात १०० चौरस मीटर. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. दोन्ही चौरसांच्या बाजूंत फरक अवघा सहा सेंटिमीटरांचा, चार बोटांहून फारसा अधिक नव्हे. म्हणून ‘आर म्हणजेच गुंठा’ अशी समजूत सर्वत्र पसरली आहे. लहान तुकड्यात ती खपून जाते. परंतु क्षेत्र वाढले की फरकही वाढतो.

एका गुंठ्याचे १०१.१७ चौरस मीटर होतात. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, अर्थात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. सातबारावर हे क्षेत्र ० हेक्टर ४० आर ४७ चौरस मीटर असे येईल. बोलण्यात एक एकर ठरले आणि लेखात चाळीस आर लिहिले गेले, तर घेणाऱ्याच्या पदरात ४७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५०० चौरस फूट जागा कमी पडते. दोन खोल्यांचे घर बांधण्याइतकी ही जागा आहे. पाच एकरांत हीच तूट सव्वादोन गुंठ्यांहून अधिक होते. भावांच्या वाटणीत, बांधाच्या तंट्यात किंवा खरेदीखतात असे आकडे निर्णायक ठरतात. घरात उतारा वाचू शकणारी व्यक्ती पुष्कळदा शाळकरी मुलगा किंवा मुलगीच असते. त्या मुलाच्या वाचनावर वडीलधारी माणसे विश्वास ठेवतात, याचे भान शिक्षकाने बाळगावे.

या घटकासाठी शाळेचे पटांगण हेच उत्तम साधन होय. दोरी, चार खुंट्या व मोजपट्टी घेऊन प्रथम १० मीटर बाजूचा चौरस आखावा. त्याच एका कोपऱ्यापासून ३३ फूट बाजूचा दुसरा चौरस चुन्याने आखावा. दोन रेषांमधील अरुंद पट्टी विद्यार्थ्यांस डोळ्यांनी दिसू द्यावी. नंतर अशा चाळीस पट्ट्या एकत्र केल्यास किती जागा होईल, ते वर्गात काढवून घ्यावे. कोष्टक दहा वेळा घोकून जे साधणार नाही, ते या एका तासात साधते.

४. पाण्याचे मापन

पाण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती एकाच बातमीत भेटतात. धरणातून सुटणारे पाणी क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, अर्थात २८.३ लीटर पाणी. एक हजार क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदास सुमारे २८,३०० लीटर. दहा हजार लीटरचे जवळजवळ तीन टँकर प्रत्येक सेकंदाला रिते होत आहेत अशी कल्पना केली, म्हणजे नदीकाठी सावध राहण्याची सूचना का दिली जाते हे विद्यार्थ्यांस उमगते. नाशिक शहरातील वृद्ध माणसे मात्र पुराचे माप दुतोंड्या मारुतीवरून घेत आली आहेत. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून पुराची तीव्रता जाणण्याची ही रीत आकड्यांवाचूनची असली, तरी तीही मोजणीच आहे. ठरलेल्या खुणेशी तुलना करणे हेच मापनाचे मूळ तत्त्व होय.

धरणातील साठा सांगताना ‘दलघफू’ व ‘दलघमी’ असे दोन संक्षेप वापरले जातात. पहिल्याचा अर्थ दशलक्ष घनफूट आणि दुसऱ्याचा दशलक्ष घनमीटर. फरक एका अक्षराचा दिसतो. परंतु एक दलघमी म्हणजे ३५.३ दलघफू. एक टीएमसी म्हणजे एक हजार दलघफू, अर्थात सुमारे २८.३ दलघमी. वृत्तपत्रातील आकडा वाचताना त्यापुढील अक्षरे न वाचणारा वाचक साठ्याचा अंदाज पस्तीस पटीने चुकवू शकतो.

पावसाच्या मापनात दशमान पद्धतीची सोय स्पष्ट दिसते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लीटर पाणी जमते. शाळेचे छप्पर १२ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर क्षेत्र ७२ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस झाल्यास ७२ × २५ = १,८०० लीटर पाणी छपरावर पडते. हेच उत्तर फूट, इंच व गॅलन यांत काढावयाचे, तर प्रथम इंचाचे फूट, मग घनफूट, मग घनफुटामागे ६.२३ गॅलन असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. ही तुलना वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावी.

५. कारागीर, बाजार व बागायत

गवंड्याच्या कामाच्या एका दिवसात दोन्ही पद्धती हातात हात घालून चालतात. खोली दहा फूट बाय बारा फूट, भिंत नऊ इंच, सिमेंटची गोणी पन्नास किलोची, सळई बारा मिलिमीटरची, वाळू एक ब्रास. ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. बारा मिलिमीटरच्या सळईला कारागीर ‘चार सूत’ म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे नेमके १२.७ मिलिमीटर. बोलण्यातील नाव व वस्तूचे खरे माप यांत थोडे अंतर राहू शकते, हे या उदाहरणावरून कळते.

सोन्याच्या बाबतीत हे अंतर महाग पडते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजच्या व्यवहारात मात्र दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात आहे. आजीच्या जुन्या यादीत पाच तोळे लिहिले असतील, तर ते ५८.३ ग्रॅम होत, पन्नास नव्हेत. कापडाच्या बाबतीत ‘नऊवारी’ हे नाव कायम राहिले आहे. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर; म्हणून नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर होतात.

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलमागे सांगतात. क्विंटल म्हणजे शंभर किलो. म्हणून भावातील शेवटची दोन शून्ये बाजूला केली की किलोचा भाव तोंडी निघतो. मणाच्या काळात शेराचा भाव काढावयास चाळीसने भागावे लागे.

द्राक्षबागायतीत तर सूक्ष्म मापांचे महत्त्व फारच वाढले आहे. बागेतील ओळींचे अंतर फुटांत, क्षेत्र एकरांत. परंतु परदेशी पाठवावयाच्या मण्यांचा व्यास मिलिमीटरांत आणि औषधाचे प्रमाण लीटरमागे मिलिलिटरांत. फळात राहिलेला औषधाचा अंश किलोग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि निर्यातदार व बागायतदार मोठ्या संकटात सापडले. ती मर्यादा किलोग्रॅममागे ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. दशांश चिन्हापुढील शून्याचे मोल किती असते, हे नाशिकच्या मुलांना याहून जवळच्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

६. एकक विसरल्याचा परिणाम

दोन पद्धतींचा घोळ केवळ खेड्यापाड्यांतच होतो असे नाही. ओझर येथे विमानांचा कारखाना असल्याने विमानाचा विषय आपल्या मुलांच्या परिचयाचा आहे. विमानाची उंची आजही बहुतेक देशांत फुटांत सांगतात. १९८३ सालच्या जुलै महिन्यात कॅनडातील एका प्रवासी विमानात इंधन भरताना एककाची चूक झाली. त्या विमानाचे इंधन किलोग्रॅममध्ये मोजावयाचे होते. परंतु लीटरचे वजनात रूपांतर करताना पौंडांसाठी असलेला १.७७ हा गुणक वापरला गेला. किलोग्रॅमसाठी तो सुमारे ०.८० हवा होता. सुमारे वीस हजार लीटर इंधन भरावयाचे, त्याऐवजी पाच हजार लीटरपेक्षाही कमी भरले गेले. विमान आकाशात असतानाच दोन्ही यंत्रे बंद पडली. वैमानिकांनी मोठ्या कौशल्याने ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि विमानातील ६९ माणसांचे प्राण वाचले. गुणाकार चुकला नव्हता, भागाकारही चुकला नव्हता. फक्त संख्येपुढचे एकक चुकले होते. वहीत उत्तर बरोबर असून एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण का कापावयाचे, याचे उत्तर या घटनेत आहे.

७. अध्यापनाविषयी सूचना

(अ) प्रथम वस्तू, मग कोष्टक, हा क्रम सोडू नये. विद्यार्थ्यांनी आपली वीत, पाऊल व उंची सेंटिमीटरांत मोजून वहीत नोंदवावी, म्हणजे अंदाजासाठी स्वतःचे शरीर हेच साधन मिळते.

(आ) मोजण्यापूर्वी अंदाज लिहून घ्यावा. अंदाज व मोजणी यांतील फरक आठवड्यागणिक कमी होत जाणे, ही प्रगतीची खरी खूण होय.

(इ) जुने माप घरून आणण्यास सांगावे. पायली, मापटे किंवा जुने वजन मिळाल्यास त्यात किती ग्रॅम गहू व किती ग्रॅम बाजरी मावते ते तोलून पाहावे. आकारमान व वजन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून आपोआप समजते.

(ई) रूपांतराचे थोडेच गुणक पाठ करून घ्यावेत: इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, घनफूट म्हणजे २८.३ लीटर. बाकीचे यांवरून काढता येतात.

(उ) भाषेच्या तासाला ‘सोळा आणे खरे’, ‘शेरास सव्वाशेर’, ‘क्षणात तोळा, क्षणात मासा’ यांसारख्या प्रयोगांचा अर्थ मापांच्या आधारे उलगडावा. मापे व्यवहारातून गेली, तरी भाषेतून जात नाहीत. त्यांचा अर्थ कळेनासा झाला, तर भाषेचेच नुकसान होते.

(ऊ) घरच्या मापांविषयी बोलताना पालकांचा उपहास होणार नाही याची दक्षता घ्यावी. एकर-गुंठ्यांत बिनचूक हिशेब करणारा शेतकरी गणितात कच्चा नसतो. त्याचे कोष्टक निराळे असते. त्याचे कोष्टक व शाळेचे कोष्टक यांमधील दुभाषा होणे, हे विद्यार्थ्याचे काम आहे.

८. स्वाध्याय

१) २ एकर ३५ गुंठे व १ एकर १५ गुंठे यांची बेरीज करा.
२) ३ एकर १० गुंठे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत लिहा.
३) ४ किलो ७५ ग्रॅम हे वजन किलोग्रॅममध्ये दशांश रूपाने लिहा.
४) १५ मीटर लांब व ८ मीटर रुंद छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला. किती लीटर पाणी पडले?
५) ५०० क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदास सुमारे किती लीटर पाणी?
६) ७०६ दलघफू साठा म्हणजे किती दलघमी?
७) जुन्या ४ तोळ्यांचे ग्रॅम किती? आजच्या बोलीतील चार तोळ्यांपेक्षा ते किती अधिक?

उत्तरे : १) ४ एकर १० गुंठे. २) १ हेक्टर ३१ आर ५२ चौरस मीटर. ३) ४.०७५ किलोग्रॅम. ४) २,४०० लीटर. ५) सुमारे १४,१५० लीटर. ६) २० दलघमी. ७) ४६.६४ ग्रॅम, ६.६४ ग्रॅम अधिक.

स्वाध्याय तपासताना केवळ संख्या न पाहता प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहिले आहे किंवा नाही, हे पाहावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा सातबाराचा उतारा वडीलधाऱ्यांसमवेत वाचून त्यावरील क्षेत्र एकर-गुंठ्यांत काढावे व घरच्या समजुतीशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास त्याचे कारण वर्गात समजावून द्यावे.